भावाची फाईल

अमेरिकेला नात्यागोत्याची कदर नाही, असे म्हणणाऱ्यांनी तिथला इमिग्रेशनचा कायदा वाचलेला नसतो. तिथली नागरिक झालेली बहीण जालन्यातल्या सख्ख्या भावाची फाईल टाकू शकते. भावामागोमाग भावजय येते, लेकरे येतात. भावाने फक्त वाट बघायची. जगभरच्या भावाबहिणींना मिळून वर्षाला ६५ हजार व्हिसा, त्यातच भावजया आणि भाचरे मोजायची, वर एका देशाला सुमारे ७ टक्क्यांची मर्यादा. म्हणून २०२५च्या व्हिसा बुलेटिनात आपल्याकडच्या भावांचा नंबर २००६च्या अर्जांपर्यंत पोचला होता.

नात्याच्या कागदांचे आपल्या जिल्ह्याला वावडे नाही. आंतरवाली सराटीच्या मराठा आरक्षणाच्या उपोषणानंतर निजामकाळातल्या कुणबी नोंदी कुठे सापडतात हे इथल्या शेंबड्या पोरालाही कळले, आणि जानेवारी २०२४मध्ये सरकारला सगेसोयरे कोण याचा मसुदाच काढावा लागला. अमेरिका मात्र या बाबतीत फारच कंजूष. नवरा-बायको, लेकरे, आई-वडील, भाऊ-बहीण; संपली यादी. चुलत्याला, मामाला, साडूला रकानाच नाही. नागरिकाच्या आई-वडिलांना तेवढी रांग नाही. पण ज्यांना रांग नाही त्यांना जायचे नसते. नातवंड रांगायला लागले की आजीला अंबडची मत्स्योदरी आठवते.

खरे कौतुक वाट बघणाऱ्याचे. २००६मध्ये फाईल पडली त्या दिवसापासून हा भाऊ गावात ‘अमेरिकेला जाणारा’ म्हणून ओळखला जातो. जायचेच आहे म्हणून बोअर घेतला नाही, घराला गिलावा केला नाही, मोसंबी लावली नाही. लावली असती तर एव्हाना बाग फळे देऊन म्हातारीही झाली असती. पण सोसायटीच्या निवडणुकीत उभे राहायचा आग्रह झाला की तो हात जोडतो: ‘आपलं काय, आज हितं, उद्या न्यू जर्सी.’

लेकरांचा हिशेब आणखी मजेदार. मुलगा २१ वर्षांचा झाला की बापाच्या फाईलमधून गळतो. मात्र २००२च्या कायद्याने एक सवलत दिली आहे. अर्ज मंजूर करायला खात्याने जितके दिवस लावले, तितके पोराच्या वयातून वजा होतात. सरकारी कारकुनाच्या आळसाने माणूस तरुण राहतो, हा शोध आपल्या तहसीलला अजून लागायचा आहे. दुसरी अट, पोरगा बिनलग्नाचा हवा. जांबचे समर्थ ‘सावधान’ ऐकून बोहल्यावरून पळाले ते परमार्थासाठी, असे सांगतात. या भावाचा पोरगा स्थळ बघायलाच जात नाही, तो बुलेटिनसाठी.

शेवटी बहिणीने मायेचे प्रतिज्ञापत्र द्यायचे. तिचे उत्पन्न, सगळी माणसे धरून, तिथल्या दारिद्र्यरेषेच्या सव्वापट हवे. उद्या भावाने गरिबांसाठीची सरकारी मदत उचलली, तर वसुली बहिणीकडून. भाऊ नागरिक होईपर्यंत किंवा त्याची तिथली कामाची साधारण दहा वर्षे भरेपर्यंत हा पोशिंदेपणा सुटत नाही. आपल्याकडे भावाने बहिणीला पोसायचे असे कुठल्याच कागदावर नसल्याने सगळे कसे प्रेमाने चालते.

तिकडे फाईल पडली, त्याच साली इकडेही एक कागद झाला होता. दिवाळीला आलेल्या ताईला भाऊ म्हणाला, ‘तुला तिकडं काय कमी हाय? तू आमची फाईल टाक, हितली काळजी सोड.’ ताईने काळजीबरोबर दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात जमिनीवरचा हक्कही सोडला. मुलीला वडिलोपार्जित जमिनीत मुलाइतकाच वाटा देणारी दुरुस्ती २००५मध्ये देशभर लागू झाली होती. तिची बातमी भावाने नीट वाचली असावी.

आता नंबर लागलाय. ताई निवृत्त झालीय आणि तिला गावी येऊन राहायचंय. यायला रांग नाही, भारतीय मुळाच्या परदेशी नागरिकांना मिळते ते ओसीआय कार्ड आहे. त्या कार्डावर वारशाची शेती ठेवता येते, नवी विकत घेता येत नाही. वारसा तर सोडलेला. तिने विचारले, निदान घरामागचे दोन गुंठे?

भाऊ फोनवर म्हणाला, ‘ताई, समृद्धी महामार्गामुळं बदनापूरकडं काय भाव आलाय म्हणून सांगू! सगळी इकूनच येतो. तू तेवढं विमानतळावर घ्यायला ये.’