मोबाइल आपण होऊन गेला

दिंडोशी डेपोला बसमधून उतरलो, तेव्हा पँटचा खिसा खालून उघडा होता. ब्लेडने कापलेला, अगदी सरळ रेषेत; आमच्या शिंप्यालाही असं जमत नाही. एका पोलीस ठाण्यात गेलो (कुठल्या, ते विचारू नका). अंमलदारांनी खिशात बोट घालून ते पलीकडून बाहेर काढून पाहिलं आणि म्हणाले, "काका, सिमकार्ड नवं हवंय ना? मग 'गहाळ' लिहा. दहा मिनिटांत कागद देतो."

मी लिहिलं. व्याकरणाची केवढी सोय! 'चोराने मोबाइल चोरला' म्हटलं की कर्ता शोधत हिंडावं लागतं. 'मोबाइल हरवला' यात मोबाइलच कर्ता. त्यानेच खिसा कापला आणि उतरून गेला.

लोकलमधले मोबाइलही वर्षानुवर्षं असेच आपण होऊन जात. 2017 च्या सुमारास लोहमार्ग पोलिसांनी गहाळऐवजी चोरीचे गुन्हे नोंदवायला घेतले आणि आकडा कितीतरी पटींनी फुगला. खिसेकापू तेच, गाड्याही त्याच. फक्त रजिस्टर बदललं. दखलपात्र गुन्हा नोंदवलाच पाहिजे, हे सर्वोच्च न्यायालयाने ललिता कुमारी खटल्यात 2013 सालीच बजावलं होतं. पण जो अधिकारी ते ऐकेल, त्याच्या हद्दीत गुन्हे वाढणार, आढावा बैठकीत साहेब त्यालाच उभं करणार आणि अधिवेशनात विरोधक त्याचाच आकडा फडकवणार. न लिहिणाऱ्याच्या हद्दीत रामराज्य.

सगळेच आकडे खोटे नसतात. खून गहाळ करता येत नाही, प्रेत आडवं येतं. गाडीची चोरीही बहुतेक नोंदली जाते, कारण एफआयआरशिवाय विमा कंपनी दमडी देत नाही. तरी लुटून खून केला, तर राष्ट्रीय गुन्हे नोंद विभाग त्यातला मोठा गुन्हा तेवढा मोजतो. म्हणजे खून एक, आणि लूट गहाळ! नोंदी वाढणं आणि गुन्हे वाढणं वेगळं, असं हा विभाग स्वतःच सांगतो. टीव्हीवर ओरडणाऱ्यांना मात्र ते ऐकू जात नाही.

तेव्हा वाचकहो, खिसा कापला गेला तर 'चोरी' हाच शब्द लिहा आणि एफआयआरची प्रत मागा. कायद्याने ती फुकट मिळते. मला हे घरी आल्यावर सुचलं. तोवर बायकोने पँट रफूला दिली होती.