आधी मीठ वाढा

कोकणातल्या अंजनवेलीचा गोपाळगड पाहून, टाळकेश्वराचं दर्शन घेऊन दीपगृहापर्यंत जाऊन यावं तर दीड वाजतो. पोटात कावळे ओरडत असतात. अशा वेळी अंजनवेलीत एखाद्या घरीच जेवायचं सांगून ठेवावं. परवा तसंच सांगितलं होतं. ताट आलं आणि धक्काच बसला. पांढऱ्या, पसरट बशीच्या मधोमध भाताचा मनोरा, त्याला उभी टेकवलेली बांगड्याची तुकडी, कडेने कालवणाचे चार थेंब नक्षीसारखे ओढलेले आणि उरलेलं कालवण बोटभर कपात. पहिल्याच घासाला मनोरा कोसळला. काटे काढून ठेवायला बशीत जागा नव्हती.

बांगडा मात्र फक्कड होता. मी तसं म्हणालो, तर घरच्या बाई म्हणाल्या, "काका, पाहुण्यांना फोटो लागतो. मोबाईलवर बघून शिकले." दोष त्यांचा नाही. घरचं ताट गावंढळ दिसतं असं त्यांच्या मनात ज्यांनी भरवलं, त्यांचा आहे.

आपल्याकडे पान वाढतात, आणि वाढायच्या जागा ठरलेल्या आहेत. केळीच्या पानाचं निमुळतं टोक जेवणाऱ्याच्या डाव्या हाताला. पहिलं वाढायचं मीठ, वर मधोमध. त्याच्या डावीकडे लिंबू, चटणी, कोशिंबीर, लोणचं. उजवीकडे भाजी, उसळ, आमटीची वाटी. भात समोर. तोंडी लावायचं ते डावीकडे आणि पोटभर खायचं ते उजवीकडे, कारण आपण उजव्या हाताने जेवतो. हात कुठे अडत नाही, एकाचा रस दुसऱ्यात शिरत नाही आणि प्रत्येक रंग आपापल्या जागी उठून दिसतो. पदार्थांची वाटी-चमच्याची मापं कमलाबाई ओगल्यांच्या 'रुचिरा'ने १९७० पासून घरोघरी शिकवली. पान वाढणं लोक पंगतीत वाढता वाढता शिकले. पंगती गेल्या, बुफे आला, आणि गुलाबजामाचा पाक पुलावात शिरला.

माझी आई वाटीला आतून तुपाचं बोट फिरवायची. गरम भात भरून तळव्याने हलकेच दाबायची, वाटी ताटात उपडी घालून बुडावर टिचकी मारायची. मूद अलगद सुटायची. जास्त दाबलं तर गोळा होतो, सैल भरलं तर मूद फिसकटते. हे फक्त हाताला कळतं. मग पळीच्या टोकाने वर खळगा, त्यात वरण, वरणावर तूप. पांढऱ्यावर पिवळं आणि त्यावर ती चकाकी. याहून देखणं ताट कुठल्याही तारांकित हॉटेलात मी पाहिलेलं नाही.

मासळीचं ताटही असंच विचाराने वाढावं. तळलेला मासा कालवणापासून लांब ठेवा, नाहीतर रव्याचं कवच दोन मिनिटांत ओलं होतं. कालवण खोल वाटीत द्या. सोलकढी पेल्यात; नारळाच्या दुधात आमसुलाचा रंग उतरला की त्या गुलाबीवर कोथिंबिरीची चार पानं पुरतात. काट्यांसाठी एक कोपरा मोकळा ठेवा. आणायच्या आधी ताटाची कड स्वच्छ फडक्याने पुसा. एवढं केलं की फोटोही चांगला येतो.

जेवून हात धुवायला मागच्या पडवीत गेलो. त्या बाई चुलीपाशी उभ्याने, टोपातच भात कालवून जेवत होत्या. तळाचं कालवण आणि बांगड्याचं डोकं. पाहुण्याची बशी त्यांनी लख्ख पुसली होती, स्वतःला साधी ताटलीही घेतली नव्हती. हे एका अंजनवेलीचं नाही. पुण्या-मुंबईच्या ओट्यांपाशीही रोज हेच चालतं, आणि मला त्याचा संताप येतो. जिच्या हातचं आपण नावाजून खातो, तिचं पान कोणी वाढायचं?

आज रात्री तिला आधी बसवा. मीठ, लिंबू, चटणी, भाजी, मूद, सगळं जागच्या जागी वाढा. वरून तूप घालायला विसरू नका.