खड्डा तुमचा, विहीर आमची

जोयड्याच्या रानातून मँगनीज काढून परत गेलेल्या खाणीच्या शेठना,

नमस्कार लिहीत नाही, तो मनात नाही. नावही घालत नाही. गावानं तुम्हाला ‘शेठ’ म्हणूनच ओळखलं. तुमची गाडी आली की माणसं कडेला व्हायची, एवढीच तुमची आमची ओळख. जाताना तुम्ही कंप्रेसर नेलात, शेडचे पत्रे नेलेत, फाटकाचे लोखंडी खांबसुद्धा उपटून नेलेत. मागे ठेवलात तो डोंगराच्या कुशीतला खड्डा आणि त्याच्या कडेला मातीचे ढीग.

आमची विहीर त्या ढिगांच्या खाली, व्हाळाच्या काठाला. पाणी शेंदलं की अगदी नितळ दिसतं. हंड्यात रात्रभर राहिलं की सकाळी तळाला काळपट गाळ आणि कडेनं काळा पट्टा. आई चिंच लावून घासते, पट्टा जात नाही. मँगनीजची रीतच तशी. खड्ड्यात पाणी साचतं, पालापाचोळा कुजतो, पाण्यातला प्राणवायू संपतो आणि दगडात घट्ट बसलेलं मँगनीज विरघळून जमिनीखालून वाट काढतं. पुन्हा हवा लागली की ते काळं होऊन खाली बसतं. म्हणजे हंड्यात जे दिसतं ते बसलेलं. पोटात जातं ते न दिसणारं. उकळून प्या, असं आम्हाला सांगतात. उकळल्यानं जंतू मरतात. मँगनीज मरत नाही, पाणी आटेल तसं दाट होतं.

हे विष नाही, धातू आहे, शरीराला थोडा लागतोच, असं तुम्ही म्हणाल. थोडा लागतो. जास्त झाला की काय होतं तेही जुनं आहे. १८३७ साली जेम्स कूपर या डॉक्टरानं ग्लासगोच्या कारखान्यात मँगनीज दळणाऱ्या मजुरांचे पाय लुळे पडताना पाहिले आणि लिहून ठेवलं. ती धूळ होती, नाकातून जाणारी. पाण्यातल्या मँगनीजकडे जगानं फार उशिरा पाहिलं. २०११ साली कॅनडातल्या क्वेबेकमध्ये ज्या मुलांच्या नळाला मँगनीज जास्त होतं, त्यांचा बुद्ध्यंक कमी आढळला. त्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटनेनं आपली लिटरला ०.४ मिलिग्रॅमची जुनी मर्यादा काढून टाकली होती, कारण इतकं मँगनीज पिण्याच्या पाण्यात सहसा नसतं असं तिथं धरलं गेलं. दहा वर्षांनी तिथंच चूक सुधारली गेली: नवा आकडा ०.०८. तोही बाटलीनं दूध पिणारं तान्हं मूल डोळ्यांपुढे ठेवून.

आपल्याकडे पिण्याच्या पाण्याचं मानक २०१२ चं आहे. लिटरला ०.१ मिलिग्रॅम, दुसरं पाणी मिळत नसेल तर ०.३ पर्यंत चालेल. दुसरी विहीर नाही म्हणून आमच्या मुलांना तिप्पट सोसतं, हे कुणी ठरवलं? आणि कारखान्यांनी ओढ्या-नद्यांत सोडायच्या सांडपाण्याला सर्वसाधारण मर्यादा आहे २ मिलिग्रॅम, पिण्याच्या मर्यादेच्या वीसपट. कागदावर ओढा वेगळा आणि विहीर वेगळी. आमच्याकडे व्हाळ झिरपतो तीच विहीर.

जुलै २०२५ मध्ये दूषित जागांच्या सफाईचे केंद्राचे नियम आले, तेव्हा मला खरंच आनंद झाला होता. देशात अशा १०३ जागा नोंदलेल्या आणि सफाईचं काम जेमतेम ७ ठिकाणी सुरू, म्हणून नियम हवेच होते. जिल्हा प्रशासनानं संशयित जागा कळवायच्या, राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळानं माती-पाणी तपासायचं, ज्यानं घाण केली त्याला नव्वद दिवसांत शोधायचं आणि खर्च त्याच्याकडून घ्यायचा. मग सूट कुणाला ते वाचलं. किरणोत्सारी कचरा, समुद्रातलं तेल, कचरा डेपो आणि खाणकाम. खाणींना वेगळे कायदे आहेत म्हणून. आहेत ना. खाण बंद करण्याचा आराखडा सक्तीचा झाला तो २००३ मध्ये. त्याच्या आधी हात झटकून गेलेल्यांना कोणता आराखडा विचारणार?

इथल्या जांभ्यातच मँगनीज आहे, देवानं घातलंय, हाही तुमचा मुद्दा असेल. खरा आहे. म्हणूनच तुमच्या खड्ड्याच्या वरच्या अंगाचं पाणी तपासा आणि खालच्या अंगाचंही. पावसाळ्यात एकदा, वैशाखात एकदा. फरक निघेल तो देवाच्या नावावर टाकू नका.

आणि नुसतं पाणी नव्हे. पावसात ढिगांची माती भातशेतात उतरते, परसात उतरते. आमचे कुणबी कंद पिकवतात, जोयड्याला दरवर्षी कंदमुळांचा मेळा भरतो, लांबून लोक पाहायला येतात. कंद मातीतच वाढतो आणि मातीसकट घरात येतो. मातीची मर्यादा ठरवताना ती माती उद्या कारखान्याच्या अंगणात राहणार की माणसाच्या ताटाशी येणार, हे बघावं लागतं. जोयड्याची माती ताटाशी येते.

या तालुक्यानं कमी दिलेलं नाही. सूपा धरणात जुनं सूपा गाव गेलं, उठलेली माणसं रामनगरला बसवली. वाघांसाठी रान राखलं ते आम्हीही मानलं. सरपणाची मोळी आणतानाही आम्ही नियम बघतो. त्याच रानात तुम्ही डोंगर फोडलात. काळी नदी याच तालुक्यात दिग्गीला उगम पावते आणि १८४ किलोमीटर वाहून कारवारला समुद्राला मिळते. तिच्या पहिल्याच ओंजळीत तुमचे ढीग नकोत.

राज्य मंडळाला केंद्रापेक्षा कडक मर्यादा घालण्याची मुभा १९८६ च्या पर्यावरण नियमांतच आहे. ती कर्नाटकानं वापरावी, सोडलेल्या खाणींचे खड्डे यादीत घ्यावेत आणि विहिरीसाठी आकडा तान्ह्या मुलाचा धरावा, असा अर्ज मी लिहिला आहे. अर्जात तुमचं नाव नाही. ते शोधणं मंडळाचं काम. पण ‘खाणकाम’ हा शब्द सूट दिलेल्यांच्या यादीत आहे तोवर ते नव्वद दिवस सुरूच होत नाहीत. तुम्हाला मात्र कुणी शोधायची गरज नाही, तुमचा खड्डा तुम्हाला ठाऊक आहे. मृगाच्या आधी ढिगांना बांध घाला, पायथ्याला चर मारा, आणि विहिरीवर हवा देऊन गाळणारी वाळूची टाकी बांधून द्या. त्या विहिरीवर अकरा घरं आहेत, आणि दोन घरांत पाळणे हलताहेत.

व्हाळाकाठचा एक शेतकरी
जोयडा तालुका, उत्तर कन्नड