घोटभर पाण्यातली अकरा वर्षं

संगीतकार राहुलदेव बर्मन ऊर्फ पंचम यांच्या गाण्यांचे कार्यक्रम पुण्या-मुंबईत बाराही महिने होत असले, तरी त्यांचे खरे हंगाम दोन. एक २७ जूनच्या आगेमागे, जन्मदिनाचा. दुसरा ४ जानेवारीच्या आगेमागे, स्मृतिदिनाचा. कार्यक्रमाचा क्रमही बहुतेक ठरलेला. सुरुवात ‘तीसरी मंझिल’ने, मग ‘कटी पतंग’, ‘अमर प्रेम’, ‘हरे रामा हरे कृष्णा’, ‘शोले’, ‘आँधी’. सत्तरचं दशक अगदी ओसंडून वाहतं. ‘मासूम’ला पहिल्या तीन रांगांतले चष्मे पुसले जातात. मग निवेदक आवाज खाली आणतो आणि म्हणतो, “...आणि मग पंचमदांच्या आयुष्यात तो काळ आला.” मागे कीबोर्डवर व्हायोलिनचा उदास सूर. निवेदक पाण्याचा ग्लास उचलतो, एक घोट घेतो, आणि ग्लास खाली ठेवेपर्यंत आपण ‘१९४२: अ लव्ह स्टोरी’ला पोचलेलो असतो. निवेदक फारच अभ्यासू असेल, तर जाता जाता ‘सागर’ आणि ‘इजाजत’चं नाव घेतो.

त्या एका घोटात १९८३ ते १९९४ अशी अकरा वर्षं पोटात जातात. माझा मुक्काम नेमका त्या अकरा वर्षांत आहे.

‘मंझिल मंझिल’, ‘जबरदस्त’, ‘सितमगर’, ‘शिवा का इन्साफ’, ‘जीवा’, ‘समुंदर’. ही नावं वाचून एकही गाणं ओठांवर आलं नसेल, तर वाचकाने मनाला लावून घेऊ नये. निर्मात्यांनाही ती आठवायला आवडत नसतील. ‘शिवा का इन्साफ’ हा हिंदीतला पहिला थ्रीडी चित्रपट. १९८५ साली लोक चष्मे लावून बघायला गेले. पडद्यावरच्या वस्तू अंगावर आल्या. गाणी मात्र जागची हलली नाहीत, असं समीक्षकांचं मत. पंचमभक्तांचं मत त्याहून कडक. समीक्षक निदान वाईट म्हणतो. भक्त म्हणतो, “ती त्यांची नव्हेतच रे!” आवडत्या कलावंताचं न आवडलेलं काम थेट नाकारून टाकण्याची ही सोय फार जुनी आहे.

आता, या निकालात काहीच तथ्य नाही असं म्हणण्याइतका मी वाया गेलेलो नाही. तो काळच तसा होता. घरोघरी व्हिडिओ आला होता, चित्रपटगृहांत मारामारीला टाळ्या होत्या, आणि १९८६ या एका वर्षात ३३ चित्रपटांची गाणी करून बप्पी लाहिरी गिनीज बुकात जाऊन बसले होते. नासिर हुसेन यांच्यासारखा हक्काचा माणूस, ज्याच्यासाठी पंचमने ‘यादों की बारात’ आणि ‘हम किसीसे कम नहीं’ केले, त्याचेही ‘जमाने को दिखाना है’, ‘मंझिल मंझिल’ आणि ‘जबरदस्त’ हे तीन चित्रपट ओळीने पडले. १९८८ साली त्याच घरातून ‘कयामत से कयामत तक’ आला तेव्हा संगीतकार म्हणून नाव होतं आनंद-मिलिंद यांचं. त्याच वर्षी पंचमला हृदयविकाराचा झटका आला. निवेदकाच्या मागचं व्हायोलिन म्हणजे अगदीच खोटं नाही.

पण मग दुसरी बाजूही पाहावी. ज्या सत्तरच्या दशकाला आज आपण सुवर्णकाळ म्हणतो, त्या दशकात पंचमला उत्कृष्ट संगीतकाराचं फिल्मफेअर एकदाही मिळालं नाही. ‘अमर प्रेम’ला नाही, ‘शोले’ला नाही, ‘आँधी’ला नाही. मिळालं ते ‘सनम तेरी कसम’ला, नंतर ‘मासूम’ला, आणि तिसरं ‘१९४२’ला, जेव्हा ते घ्यायला तो नव्हता. तो गेल्यावर त्याच फिल्मफेअरने होतकरू संगीतकारांसाठी त्याच्या नावाने पुरस्कार सुरू केला. तेव्हा परीक्षकांच्या घड्याळावर आपली घड्याळं लावावीत का, याचा ज्याने त्याने विचार करावा.

मी या मुक्कामाला पोचलो तो काही शोध घेत घेत नव्हे. दोष कॅसेटचा. त्या काळी एका कॅसेटवर बऱ्याचदा दोन चित्रपट असायचे, ‘ए’ बाजूला एक, ‘बी’ बाजूला दुसरा. आपण घ्यायचो ‘ए’साठी. ‘बी’वरचा चित्रपट म्हणजे मैत्रिणीला सिनेमाला बोलवावं आणि तिने धाकट्या भावाला बरोबर आणावं, तसा. त्याला टाळता येत नाही, हाकलता येत नाही, आणि मध्यंतरात समोसाही त्यालाच द्यावा लागतो. ‘फॉरवर्ड’चं बटण होतं, पण ते फार दाबलं की फीत गुंतते, अशी घरातल्या वडीलधाऱ्यांची श्रद्धा होती आणि टेपरेकॉर्डर त्यांचा होता. शिवाय ‘बी’ पूर्ण वाजल्याशिवाय ‘ए’ पुन्हा सुरुवातीला येत नसे. असं करत करत तो धाकटा भाऊ माझा मित्र झाला. मैत्रीण पुढे सगळ्या गावाची लाडकी झाली, तिचं लग्न रेडिओशी लागलं. भाऊ माझ्याकडेच राहिला.

आणि त्याच्यापाशी बसल्यावर काही गोष्टी ऐकू यायला लागल्या. या चित्रपटांतल्या बऱ्याच गाण्यांचे शब्द असे आहेत, की त्यांच्याकडे लक्ष देण्याचं काही कारणच उरत नाही. मग लक्ष जातं ठेक्याकडे. मारुतीराव कीर, अमृतराव काटकर, होमी मुल्लन अशी ताल जाणणारी माणसं पंचमच्या ताफ्यात वावरली. काटकरांनी रेसोरेसो नावाच्या खरखरत्या वाद्याचा नाद या माणसाच्या संगीतात असा मुरवला, की पुढे तो खरखराट म्हणजेच पंचम असं समीकरण झालं. ‘आँधी’ ऐकताना मी गुलजारांत हरवतो, लताबाई-किशोरपाशी थांबतो, माझ्या मावशीला ही गाणी किती आवडायची ते आठवतो. ठेका ऐकायला सवडच मिळत नाही. पडेल चित्रपटात तसं नाही. मुखडा साधारण, नायक-नायिका बर्फात धावताहेत हे न बघताही कळतं, आणि अचानक दोन कडव्यांच्या मधल्या जागेत बेस गिटार असं काही बोलून जातं, की हातातला चहा तसाच राहतो. तेवढ्यापुरता तो माणूस जागा झालेला असतो. मग पुढचं कडवं येतं आणि सगळे पुन्हा बर्फात.

कुणी म्हणेल, चार-सहा सेकंदांसाठी अख्खी कॅसेट ऐकायची? हो. श्रेष्ठ गाणं आपल्यापर्यंत येतं तेव्हा एकटं येत नाही. त्याच्याबरोबर लोकांची वाहवा येते, मुलाखतीतले किस्से येतात, ते कसं दहा मिनिटांत सुचलं त्याची कथा येते. आपण ‘वा’ म्हणतो ते गाण्याला की त्या गर्दीला, हे सांगणं अवघड. ‘समुंदर’मधल्या किशोर-लताच्या द्वंद्वगीताबद्दल मला कुणी काहीच सांगितलेलं नव्हतं. किस्सा नव्हता, पुरस्कार नव्हता, निवेदक नव्हता. चित्रपट १९८६चा, किशोरकुमार पुढच्याच वर्षी गेले. दोघांचे आवाज तेव्हा विशीतले नव्हते आणि सूर लावायची घाईही नव्हती. ते गाणं चांगलं आहे हे मला माझ्या कानांनीच ठरवावं लागलं, आणि ठरवताना आजूबाजूला बघून खात्री करून घ्यायची सोय नव्हती. इतकं स्वतःचं स्वतः ऐकणं आयुष्यात फार कमी वेळा घडतं. बाकी वेळी आपण ऐकतो ते बऱ्याच अंशी ऐकलेलं.

आवडत्या कलावंताचं न आवडलेलं काम नाकारण्याचा रोग आपल्याकडेच आहे असं समजू नये. अमेरिकेत बॉब डिलनने १९७० साली ‘सेल्फ पोर्ट्रेट’ नावाचा दोन तबकड्यांचा अल्बम काढला. ‘रोलिंग स्टोन’मध्ये ग्रील मार्कस या समीक्षकाने त्याच्यावर लिहिलं, आणि त्या परीक्षणाचं पहिलं वाक्य असं होतं की ते कुठल्याही दिवाळी अंकात छापता येणार नाही. नील यंगचं त्याहून सरस. हा गिटारवाला माणूस. त्याने ‘ट्रान्स’ नावाच्या अल्बमात स्वतःचा आवाज यंत्रातून काढला, रोबो गातोय असा. चाहते चक्रावले. पुढचा अल्बमही भलतीकडेच गेला, तेव्हा १९८३ साली त्याच्या कंपनीने त्याच्यावर चक्क खटला भरला. तक्रारीचा सारांश असा, की हा गृहस्थ स्वतःसारखा गात नाही. पंचमभक्तांचं “ती त्यांची नव्हेतच रे” हे वाक्य तिकडे लाखो डॉलरांच्या दाव्यासकट कोर्टात गेलं! आणि त्या यंत्री आवाजामागचं कारण यंगने नंतर सांगितलं. त्याच्या मुलाला सेरेब्रल पाल्सी होती, बोलता येत नव्हतं. त्याच्याशी संवाद साधायच्या धडपडीतून ती गाणी निघाली होती. न समजणारा आवाज हाच त्या गाण्यांचा विषय होता.

डिलनच्या गोष्टीला मात्र पुढे वेगळं वळण लागलं, आणि ते मला अस्वस्थ करतं. २०१३ साली त्या काळातल्या शिल्लक मुद्रणांचा नवा संच निघाला. लोकांनी डोक्यावर घेतला. सोबतच्या पुस्तिकेत लेख लिहिला होता ग्रील मार्कस यांनी. म्हणजे शेवटी सगळं पुन्हा मानाच्या पाटावर बसलं. ज्यांनी मधली चार दशकं तो बिचारा अल्बम छातीशी धरला होता, त्यांचं काय झालं असेल? त्यांना आनंद झाला असेल, असं मानणारा माणूस भोळा आहे.

हे मी खात्रीने म्हणतो, कारण असाच प्रसंग माझ्यावर येऊन गेला. ‘जीवा’ हा १९८६चा डाकूपट. संजय दत्त घोड्यावर, बंदुका वगैरे. पण गाणी गुलजारांची. त्यात आशाबाई आणि अमितकुमार यांचं एक स्वप्नाळू द्वंद्वगीत आहे, त्या डाकूंना न शोभणारं, आणि म्हणूनच फार गोड. वर्षानुवर्षं ते मी एकटाच ऐकतो अशी माझी समजूत होती. मग हळूहळू लोक त्याचं नाव घ्यायला लागले. कार्यक्रमांत ते गाणं वाजू लागलं. आता त्याला वन्समोअर मिळतो, आणि निवेदक त्याआधी पाणी न पिता म्हणतो, “पंचमदांचं एक अनमोल रत्न!” पहिल्यांदा हे ऐकलं तेव्हा माझ्या पोटात आपल्या जागेवर रुमाल टाकून दुसरंच कुणी बसल्यावर होतं तसं काहीतरी झालं.

शेजारी बसलेल्या माझ्या मित्राने ते ताडलं. हा मित्र ‘अमर प्रेम’वाला, सुवर्णकाळाचा कट्टर पुरस्कर्ता. मध्यंतरात म्हणाला, “बघितलंस? तुझं प्रेम गाण्यावर नाहीच मुळी. ते दुसऱ्या कुणाला आवडत नाही यावर आहे.”

“तसं असतं तर मी आज हे गाणं ऐकणं सोडलं असतं,” मी म्हणालो.

“सोडलंस का?”

“नाही. पण त्या कॅसेटवरच्या बाकीच्या गाण्यांकडे मात्र जरा जास्त वेळ द्यायला लागलोय.”

“म्हणजे मी म्हणतो तेच.”

मित्राच्या बोलण्यात रुपयातले चार आणे खरे आहेत, हे कबूल करायला हरकत नाही. आपल्याला कळलं आणि जगाला कळलं नाही, या भावनेत जी मजा आहे तिला शहाणी माणसं अहंकार म्हणतात. आम्ही अडगळीतले रसिक तिला चव म्हणतो. पण उरलेले बारा आणे वेगळे आहेत. मला काही सगळंच पडेल आवडत नाही. या अकरा वर्षांत पंचमनेच अशीही गाणी केली, जी करताना त्याला जांभई आली असणार आणि ती मलाही येते. त्यांच्यासाठी मी निवेदकाला पाण्याचा दुसरा ग्लास भरून देईन. आवडतात ती अशी, जिथे मागणी नसताना, बहुधा कुणी ऐकणार नाही हे माहीत असताना, त्या माणसाने एखादी जागा जीव लावून भरलेली आहे. त्याच दशकात होजे फ्लोरेस या लॅटिन संगीतकाराबरोबर त्याने ‘पँटेरा’ नावाचा अल्बम केला. हिंदी सिनेमाचा काडीचा संबंध नाही, चालायची शक्यता बेताची, तरी केला. टाळ्या चालू असताना वाजवणारे खूप असतात. टाळ्या थांबल्यावर माणूस काय वाजवतो, हे कळायला मला ‘शोले’चा उपयोग होत नाही, ‘समुंदर’चा होतो.

म्हणून मी मित्राला एक योजना सांगितली आहे. पंचमच्या फक्त पडलेल्या चित्रपटांचा कार्यक्रम. नाट्यगृह नको, आमच्या सोसायटीचा हॉल पुरे. निवेदक नको, त्यामुळे पाणी प्रेक्षकांना. किस्से सांगायचे नाहीत, कारण या गाण्यांना किस्सेच नाहीत. ‘सागर’, ‘इजाजत’ आणि ‘१९४२’ला सक्त मनाई; ‘जीवा’मधलं ते एक गाणंही वगळलेलं, त्याची आता चांगली सोय लागली आहे. मित्र म्हणाला, “अरे, पण येणार कोण?” त्याला नेमकी तीच काळजी आहे. माझी काळजी उलटी. दहा-बारा माणसं आली तर दर वर्षी करू. बाहेर ‘हाउसफुल्ल’चा बोर्ड लावावा लागला, तर मात्र मी त्याच रात्री कार्यक्रम बंद करीन आणि बप्पी लाहिरींच्या त्या ३३ चित्रपटांपैकी सर्वांत दुर्लक्षित कुठला, ते शोधायला लागेन.