ताशी २१०, मुक्काम कांजूरमार्ग

आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये १९६८ सालची फियाट ११०० डिलाइट उभी आहे. उभी म्हणजे चार सागवानी ठोकळ्यांवर. तिची चाकं मालकाच्या बेडरूममध्ये असतात. नवीन वॉचमन आला की पहिल्याच रात्री धावत सेक्रेटरीकडे जातो, ‘साब, गाडी का पहिया चोरी हो गया.’ सेक्रेटरी झोपेतच सांगतात, ‘तिसरा मजला, काकांच्या पलंगाखाली बघ.’

या गाडीमुळे काकांना सगळे डिलाइटकाका म्हणतात. त्यांचं खरं नाव फक्त मेंटेनन्सच्या पावतीवर उरलं आहे. लाल बहादूर शास्त्री मार्गावरच्या एका कारखान्यात ते पस्तीसेक वर्षं स्टोअरकीपर होते, आणि काका समजून घ्यायचे तर एवढं कळलं तरी पुरतं. स्टोअरकीपर हा माल जमवणारा प्राणी. माल मागायला येणारा प्रत्येक जण त्याला मनातून चोर वाटतो. कारखाना गेला, काका निवृत्त झाले, पण स्टोअर त्यांच्या डोक्यातून गेलं नाही. ते बेडरूममध्ये आलं.

तिथल्या प्रत्येक टायरला सुतळीने एक बिन कार्ड बांधलेलं आहे. आवक, जावक, शिल्लक असे तीन रकाने. आवकेत तारीख, कंपनी, मोजमाप आणि साइडवॉलवर कोरलेले शेवटचे चार आकडे. हे चार आकडे म्हणजे टायरची जन्मतारीख: ३२१९ असेल तर २०१९ सालचा बत्तिसावा आठवडा. दुकानात गेले की काका टॉर्च काढतात, गुडघ्यावर बसतात आणि आधी ते आकडे वाचतात. दुकानदार ‘एकदम फ्रेश माल’ म्हणत असतो; काका मान वर न करता सांगतात, ‘गणपतीच्या आधीच्या महिन्यातला आहे, तोही तीन वर्षांपूर्वीचा.’ जावकेचा रकाना मात्र सगळ्या कार्डांवर कोरा आहे.

काकांची निवड हा स्वतंत्र विषय आहे. डिलाइटचा मूळ टायर ५.२०-१४, क्रॉस-प्लाय, आत ट्यूब. ‘त्यात थरांचे धागे तिरके, एकमेकांना छेदत जातात,’ काका बोटांत बोटं अडकवून दाखवतात. ‘रेडियलमध्ये एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत सरळ आडवे, वरून पट्टा. म्हणून कडेची भिंत लवते आणि तळवा रस्त्याला धरून राहतो.’ ऐकणारा एवढ्यात सुटला तर नशीबवान. एरवी काका जातपात मानत नाहीत. अपवाद एकच, एका अ‍ॅक्सलवर क्रॉस-प्लाय आणि रेडियल एकत्र बसवायचे नाहीत. आणि ते बरोबरच आहे. दोघांची वळणावरची वागणूक वेगळी असते, गाडी कुठे जाईल ते तिलाच ठाऊक.

पण रेडियलवर भागेल तर ते काका कसले? त्यांना ‘एच’ अक्षराचा टायर हवा होता. टायरवरचं हे अक्षर वेगाची मर्यादा सांगतं: एस म्हणजे ताशी १८० किलोमीटर, टी १९०, एच २१०, व्ही २४०. आता डिलाइटचं इंजिन १,०८९ सीसीचं, ताकद चाळीसेक अश्वशक्तीची. खंडाळ्याचा घाट उतरताना मागून वारा असला तरी ती सव्वाशेच्या पुढे जाईल असं वाटत नाही. आणि बाहेर आहे आपला एलबीएस मार्ग. मेट्रो चारचे खांब, खांबांच्या कडेचे पत्रे, पत्र्यांच्या कडेला रिक्षा. तिथे दुचाकीवाल्यालाही पाय टेकत टेकत जावं लागतं. टायरवाला केरळचा, शांत माणूस. त्याने एवढंच म्हटलं, ‘काका, फियाट है, फेरारी नहीं.’ काका म्हणाले, ‘दोन्ही इटलीच्याच ना?’

इटलीची ही भानगडही ऐकण्यासारखी आहे. फियाट तुरीन शहराची, नावातला ‘टी’ म्हणजे तोरिनो. सीएट हे नावही मूळ तुरीनचंच, १९२४ सालच्या एका केबल कंपनीचं, त्यातही शेवटचा ‘टी’ तोच. एकीने कुर्ल्याला प्रीमियरच्या कारखान्यात संसार थाटला, दुसरीने भांडुपला. म्हणजे तुरीनची गाडी चार स्टेशनं मागे बनली आणि तुरीनचा टायर पुढच्या स्टेशनात बनला. मधोमध कांजूर. एवढी नियतीने जमवून आणलेली सोयरीक डावलून काकांचं मन बसलं ते मिलानच्या पिरेलीवर, त्यातही जुन्या नक्षीच्या चिंतुरातोवर! जवळचं नको, हाही स्टोअरकीपरचाच स्वभाव. जे सहज मिळतं त्याचा साठा कसला करायचा?

२०२०च्या जूनमध्ये सरकारने नव्या टायरांची आयात निर्बंधित यादीत टाकली. लोकांना त्या वर्षी दुसऱ्या काळज्या होत्या; काकांना ही होती. जर्मनीतल्या पुतण्याला त्यांनी फोन केला. तो म्हणाला, ‘काका, बॅगेत तेवीस किलोच चालतात.’ काका म्हणाले, ‘मग कपडे कशाला आणतोस? इथे मिळतात.’ पुतण्या आला तेव्हा टायरच्या आकाराची एक कीचेन घेऊन आला. तिलाही काकांनी बिन कार्ड बांधलं आहे.

२०२३च्या ३० ऑक्टोबरला मुंबईच्या रस्त्यावरून शेवटची पद्मिनी टॅक्सी गेली. सगळं शहर हळहळलं, लोकांनी आठवणी लिहिल्या. काका त्या दिवशी डोक्याला हात लावून बसले होते, पण हिशोब करत. पद्मिनी म्हणजे डिलाइटचीच लेक, टायरचं माप तेच. ‘टॅक्सी होती म्हणून ५.२०-१४ बाजारात होता. आता एका डिलाइटसाठी कोण साचा तापवणार?’ संध्याकाळी ते कुर्ल्याला गेले आणि मिळतील तेवढे टायर घेऊन आले. साठेबाजी म्हणाल तर साठेबाजी, पण मला वाटतं त्या दिवशी शहरात एवढं रोखठोक दुःख दुसऱ्या कुणी केलं नसेल.

आता साठवण. रबराचे वैरी पाच: ऊन, उष्णता, ओल, तेल आणि ओझोन. शिवाय टायर रिमवर नसेल तर उभा ठेवायचा आणि महिन्याला थोडा फिरवायचा, नाहीतर एका जागी दबतो. काकांना महिना लक्षात राहीना, म्हणून त्यांनी संकष्टी धरली. संकष्टीला सकाळी आंघोळ करून काका प्रत्येक टायर पाव फेरा फिरवतात, त्यानंतर देवपूजा. खिडकीला काळा कागद लावला आहे. ट्यूबांना पावडर लागते म्हणून काकूंचा पावडरचा डबा दर महिन्याला गायब होतो.

ओझोनचं प्रकरण काकूंना सगळ्यात महाग पडलं. मोटारीच्या ब्रशपाशी ठिणग्या उडतात, त्यातून ओझोन तयार होतो आणि ओझोनने ताणलेल्या रबराला बारीक चिरा पडतात, हे खरं आहे. काकांनी ते कुठेतरी वाचलं आणि घरातला मिक्सर बंद झाला. स्वयंपाकघर आणि बेडरूम यांच्यात एकच भिंत. काकू आता चटणी पाट्यावर वाटतात. मी एकदा गेलो तेव्हा वरवंटा जरा जास्तच जोरात चालला होता. काका कौतुकाने म्हणाले, ‘चव काय येते बघा!’ आतून आवाज आला, ‘तुमच्या टायरांना विचारा.’

टायर काळ्या पिशवीत हवा काढून, तोंड बांधून ठेवावेत असंही एक शास्त्र आहे. ते काकांनी आचरलं आणि पंचाईत झाली. घरकाम करणाऱ्या मावशींनी एका सकाळी दोन काळ्या पिशव्या शिस्तीत खाली नेऊन ठेवल्या. मुंबईचा बहुतेक कचरा शेवटी आमच्याच कांजूरच्या डम्पिंगला येतो. त्यामुळे मिलानचा माल फार लांब गेला नसता, पण परतही आला नसता. काका बनियनवर, एका पायात चप्पल घालून कचऱ्याच्या गाडीमागे धावले. तो त्यांच्या आयुष्यातला आजवरचा सर्वाधिक वेग असावा. अर्थात एचच्या मर्यादेत.

मग पावसाळ्याच्या तोंडावर महापालिकेच्या एस विभागाचा कीटकनाशकवाला आला. टायर म्हटलं की त्यात पाणी, पाण्यात एडिसची अळी, अळीतून डेंग्यू. ‘किती टायर आहेत?’ त्याने वही उघडली. काकांनी कार्डं दाखवली. एक एक पिशवी सोडून, आत हात फिरवून, कोरडी बोटं त्याच्या नाकासमोर धरली. तासाभराने तो निघाला तेव्हा वहीत ‘निरंक’ लिहिलेलं होतं आणि मागच्या पानावर त्याच्या स्वतःच्या बाइकसाठी कुठला टायर घ्यावा ते काकांच्या अक्षरात.

गाडी निघते दसऱ्याला. आदल्या दिवशी ठोकळे काढून चाकं चढवायची, दिवाळीआधी पुन्हा उतरवायची. उभ्या गाडीखाली टायर एकाच जागी चपटा होतो, हे त्याचं कारण. झेंडूची माळ, हळदकुंकू, चाकाखाली लिंबू. लिंबू चिरडलं की काकांचा जीव कळवळतो, आम्ल आहे म्हणून. मग गेटपासून हुमाच्या सिग्नलपर्यंत आणि परत. ढग दिसले तर तेवढंही नाही. गाडीच्या पत्र्याला गंज धरेल. ओल्या रस्त्यावर पकड ठेवणारा, मुद्दाम निवडलेला तो टायर पावसाच्या थेंबाखाली कधी गेलेलाच नाही.

२०२१ साली केंद्राने पन्नास वर्षांपुढच्या गाड्यांसाठी व्हिंटेज नोंदणीचे नियम काढले. नंबरात ‘व्हीए’ ही अक्षरं, नवीन नोंदणीला २०,००० रुपये, मुदत दहा वर्षं. अट अशी की गाडी रोजच्या वापराला काढायची नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल, दुरुस्ती एवढ्यापुरतीच रस्त्यावर आणायची. नियम वाचून आमच्याकडच्या एका जुन्या जीपवाल्याने सरकारला शिव्या घातल्या. काकांचे डोळे मात्र भरून आले. आयुष्यभर जे केलं त्याला सरकारने मान्यता दिली होती.

एक गोष्ट काकांना कुणी सांगत नाही. रबरात मेण मिसळलेलं असतं. टायर फिरत राहिला, दबत-उलगडत राहिला की ते वर येतं आणि चिरा रोखतं. म्हणजे टायर टिकवायचा साधा उपाय तो चालवणं हा आहे. शिवाय नक्षी कितीही शाबूत असली तरी दहा वर्षं झालेला टायर गाडीला लावू नये असं बहुतेक कंपन्याच सांगतात. काकांच्या पहिल्या संचाला ती दहा वर्षं केव्हाच होऊन गेली. काकूंनी कार्डावरची तारीख वाचून ते लक्षात आणून दिलं, तेव्हा काकांनी चष्मा पुसला, कार्डावर ‘कालबाह्य’ असा शिक्का मारला आणि टायर पुन्हा पिशवीत घातला.

तेव्हा तुमच्याकडे जुनी फियाट असेल आणि टायरबद्दल काही अडलं असेल तर अवश्य या. संकष्टीच्या सकाळी काका हमखास घरी असतात, सांगतील ते बावनकशी असेल, चहा मिळेल आणि पाट्यावरची चटणीही. विचारा वाट्टेल ते. टायर मात्र मागू नका.