सव्वा नॅनोसेकंद

स्कूटर चाळीसच्या वर न्यायची नाही, पैसे मुदत ठेवीतच ठेवायचे, हॉटेलात मेनूकार्ड उजवीकडून वाचायला घ्यायचं आणि लोकलमध्ये चौथी सीट मिळाली तरी दिवस चांगला गेला म्हणायचं, असा हा माणूस. ऑफिसच्या लॅपटॉपवर त्याला वॉलपेपर बदलायची परवानगी नाही आणि त्याबद्दल त्याची तक्रारही नाही. सोसायटीच्या सभेत तो हात वर करतो तो फक्त ठराव एकमताने मंजूर करताना. पण रात्री जेवणं आटोपली, याने टेबलाखालच्या काचेच्या कॅबिनेटचं बटण दाबलं आणि पाठोपाठ ‘डिलीट’ची कळ बडवायला घेतली, की समजावं, डोंबिवलीत बंड पेटलं. प्रोसेसरने किती पळावं हे कंपनीने परस्पर ठरवावं, हे याला मंजूर नाही.

हा ओव्हरक्लॉकर. याची दीक्षा १९९८ सालातल्या इंटेलच्या ‘सेलेरॉन ३००ए’ची. प्रोसेसर स्वस्तातला, ३०० मेगाहर्ट्झचा. पण मदरबोर्डची बस ६६ वरून १०० वर नेली, की तोच साडेचारचा पाढा लावून ४५० वर पळायचा आणि कितीतरी महाग पेंटियम टूच्या पंक्तीला जाऊन बसायचा. घासाघीस न करता दीडपट माल! आमच्या मध्यमवर्गाला याहून मोठा मोक्ष ठाऊक नाही. मलेशियात पॅक झालेला तुकडा जास्त पळतो अशी तेव्हा वदंता होती. म्हणून लॅमिंग्टन रोडवर (पाटीवर डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, टॅक्सीवाल्याला हे नाव सांगून बघावं) हा काउंटरवर एकेक खोकं उलटंपालटं करून कोड वाचत उभा राहायचा. शेवटी दुकानदार म्हणाला, ‘साहेब, प्रोसेसर पाहिजे की मलेशियाचं तिकीट?’

पुढे एएमडीच्या ड्युरॉनवर तर साध्या पेन्सिलीने काम भागायचं. प्रोसेसरच्या पाठीवर इवलेसे तुटलेले पूल असत. शिसपेन्सिलीने ते जोडले, की ग्राफाइटमधून वीज जाऊन मल्टिप्लायरचं, म्हणजे त्या पाढ्याचं, कुलूप उघडायचं. भूमितीत काठावर पास झालेल्या या माणसाने आयुष्यातल्या सर्वांत सरळ रेघा तेव्हा मारल्या.

आता ते दिवस गेले. हल्लीचे प्रोसेसर कारखान्यातूनच दमछाक होईपर्यंत पळवून येतात, वर आणखी पळायला फारशी जागा उरत नाही. इंटेलमध्ये कुलूप उघडं हवं तर नावापुढे ‘के’ असलेला महाग प्रोसेसर घ्या, त्याला झेड मालिकेचा महाग मदरबोर्ड घ्या, वर विटेएवढा कूलर घ्या. फुकटच्या पाच टक्क्यांसाठी हा इतका खर्च करतो, की तेवढ्यात पुढच्या पायरीचा प्रोसेसर सरळ विकत आला असता. हे त्याला एकदा बोलून दाखवलं. ‘विकत घेतलेल्या वेगात काय मजा?’ म्हणाला. मुदत ठेवीवाला हाच का तो, असं वाटून गेलं.

त्याचा परवलीचा शब्द ‘स्टेबल’. परदेशात लोक उणे १९६ अंशांचा द्रवरूप नायट्रोजन ओतून विक्रम करतात; २०११ साली एएमडीचा प्रोसेसर तर द्रवरूप हेलियम ओतून ८.४२९ गिगाहर्ट्झवर नेऊन गिनीज बुकात बसवला होता. याला त्याचं काही अप्रूप नाही. ‘ते घटकाभर चालतं हो. रोजच्या संसाराला टिकलं पाहिजे.’ टिकतं की नाही हे बघायला तो ‘प्राइम ९५’ लावतो. मुळात हा प्रोग्रॅम मर्सेन मूळसंख्या शोधणाऱ्यांचा. अवाढव्य गुणाकार करायला लावून तो प्रोसेसरला घाम फोडतो आणि उत्तर चुकलं की लगेच पकडतो. रात्रभर पंखे घोंघावतात, हा दर तासाला उठून तापमान पाहतो. पहाटे पडद्यावर ‘राउंडिंग ०.५, अपेक्षा ०.४ हून कमी’ अशा अर्थाची इंग्रजी ओळ दिसली, की त्या दिवशी घरात कोणी त्याच्याशी बोलायचं नाही. मग व्होल्टेज चिमूटभर वाढवायचं. ते वाढलं की उष्णता त्याच्या वर्गाच्या हिशेबात वाढते, शंभर अंशांच्या आसपास प्रोसेसर आपणहून वेग उतरवतो, आणि गाडी मूळ पदावर.

जानेवारीत स्टेबल ठरलेलं मे महिन्यात कोलमडतं. पंखा कितीही मोठा असो, खोलीतल्या हवेपेक्षा थंड तो काही करू शकत नाही. म्हणून बायोसमध्ये, म्हणजे ‘डिलीट’ बडवून उघडणाऱ्या त्या सेटिंगच्या पडद्यावर, याने दोन प्रोफाइल साठवून ठेवली आहेत, ‘उन्हाळी’ आणि ‘हिवाळी’. पावसाळ्यात कोणतं लावायचं यावर त्याचे स्वतःशीच मतभेद आहेत.

प्रोसेसर दाद देईना, तेव्हा तो मेमरीकडे वळला. डीडीआर ४, ३२०० ची, लेटन्सी (मागितलेलं हाती यायला लागणारे ठोके) १६. ती १४ वर आणली की दहा नॅनोसेकंदांचे पावणेनऊ होतात. या सव्वा नॅनोसेकंदासाठी त्याने दिवाळीची सुट्टी घालवली आणि त्यानंतरच्या सोमवारी झोप न झाल्यामुळे नऊ-चारची फास्ट चुकवली. एक आकडा जास्त ओढला गेला की काँप्युटर तीनदा उठतो, तीनदा पडतो आणि मग काळा पडदा. मग मदरबोर्डवरचा नाण्याएवढा सेल नखाने उचकटून काढायचा, थोडं थांबायचं, परत बसवायचा. एवढं केलं की सगळी सेटिंग पुसली जातात, आणि तारीखही काही वर्षं मागे जाते. तारीख मागे गेली की बँकेची साइट सुरक्षा प्रमाणपत्राच्या नावाने खडे फोडते आणि उघडत नाही. ‘अहो, विजेचं बिल भरायची शेवटची तारीख आज आहे,’ बायको सांगते. ‘मग घाई कशाला? यात अजून २०१९ आहे,’ हा म्हणतो.

दुसऱ्यांच्या घरी तो चहाला गेला की यजमानांनी सावध असावं. त्यांच्या काँप्युटरात ३२०० ची मेमरी गेली चार वर्षं २१३३ वरच चालली आहे हे कळल्यावर, पोराला पोलिओचा डोसच दिलेला नाही असं ऐकावं, तसा त्याचा चेहरा होतो. ‘एक्सएमपी चालू नाही केलंत?’ एवढं म्हणून तो बाह्या सरसावतो. खिशात थर्मल पेस्टची ट्यूब असतेच.

स्वतःच्या यंत्रावर मात्र तो काही म्हणजे काहीच करत नाही. खेळ नाहीत, व्हिडिओ एडिटिंग नाही. आहे ती वेग मोजणाऱ्या प्रोग्रॅमांची रांग आणि त्यांचे आकडे लिहून ठेवायची एक एक्सेल फाइल. परवा बारा तासांची परीक्षा एकही चूक न करता पार पडली. तेवढ्यात मुलगी पेन ड्राइव्ह घेऊन आली. शाळेच्या प्रकल्पाची दोन पानं छापायची होती.

‘आज नको गं,’ तो हळूच म्हणाला, ‘आज स्टेबल आहे.’

मुलगी कोपऱ्यावरच्या झेरॉक्सच्या दुकानात गेली.