ओरिजिनल बापू

मावळात 'गाडी उभी करणं' म्हणजे मोडीत निघालेली गाडी खटपट करून पुन्हा चालती करणं. बापूंनी हा शब्द अक्षरशः घेतला. त्यांची जीप अकरा वर्षं उभी होती. आधी गोठ्यात, मग पडवीत, आणि शेवटी खास तिच्यासाठी घातलेल्या पत्र्याच्या शेडमध्ये.

बापू हे एका माणसाचं नाव नाही. पवना धरणाच्या काठाकाठाने फिरलात तर असे तीन-चार बापू सहज भेटतील. कुणाकडे जुनी बुलेट असते, कुणाकडे लँब्रेटा, कुणाकडे ताडपत्रीखाली झाकलेली एखादी लांबलचक प्लीमथ. आपल्या सोयीसाठी मी सगळ्यांची मिळून एक मोट बांधली आहे आणि तिला तिकोणा पेठेत राहायला पाठवलं आहे. तिकोण्याचं जुनं नाव वितंडगड. त्याच्या पायथ्याला जन्मलेल्या माणसाने वाद घालायचा नाही तर काय करायचं? बापू तर लोहगडाच्या बाजूच्या माणसाशी हल्ली धड बोलतही नाहीत. २०२५ साली युनेस्कोच्या यादीत लोहगड गेला आणि तिकोणा राहिला, हा त्यांना भाऊबंदकीचाच प्रकार वाटतो.

जीप बापूंच्या आजोबांची. दुसरं महायुद्ध संपल्यावर लष्कराने जो माल लिलावात काढला, त्यात आजोबांनी ती देहूरोडला घेतली. चाळीस-पन्नास वर्षं तिने पडेल ते काम केलं. भाताची पोती वाहिली, वऱ्हाडं वाहिली, अडलेल्या बाया तळेगावच्या दवाखान्यात पोचवल्या. बापूंच्या वडिलांनी तिच्यातलं पेट्रोलचं इंजिन काढून डिझेलचं टाकलं, मागून चॅसिस दोन फूट वाढवून घेतली, दोन्ही बाजूंना लोखंडी बाकडी ठोकली आणि कामशेत ते पवनानगर वडाप सुरू केलं. मूळच्या चार माणसांच्या गाडीत अठरा माणसं, दोन शेरडं आणि मागे लोंबकळणारा क्लीनर एवढी मंडळी बसत. 'बसत' हा शब्द क्लीनरला लागू नाही.

पुढे वडाप थांबलं, जीप गोठ्यात पेंढ्याखाली गेली आणि तशीच राहिली असती. पण एका पावसाळ्यात पुण्याचा एक ट्रेकर आडोशाला म्हणून गोठ्यात शिरला. पेंढ्याखालून डोकावणारा बंपर त्याने पाहिला आणि तो ओरडला, "अहो, ही विलीज आहे!"

बापूंना तोपर्यंत ती जीप आहे एवढंच माहीत होतं. मांडीवर वाढलेलं पोर राजघराण्यातलं निघावं तशी त्यांची अवस्था झाली. त्या रात्री ते झोपले नाहीत. सकाळी त्यांच्या बायकोने, म्हणजे वहिनींनी, नेहमीप्रमाणे वैरणीचा भारा जीपवर टाकला, तर बापूंनी तो स्वतः उचलून खाली ठेवला. लग्नानंतर बापूंनी भारा उचलल्याची वहिनींच्या स्मरणातली ही पहिली वेळ.

तेव्हापासून घरात एक नवा शब्द राहायला आला: ओरिजिनल. ज्या वर्षी बापूंनी आजोबांचं दगडामातीचं घर पाडून स्लॅब टाकला, त्याच वर्षी त्यांनी डिझेलचं इंजिन 'बाटगं' म्हणून भंगारात दिलं. धरणाकडची वीस गुंठे जमीन मुंबईच्या एका साहेबाला गेली, तिथे आता निळ्या पोहण्याच्या तलावाचा बंगला आहे. शेजारच्या वावरात दर शनिवारी तंबू उभे राहतात आणि रात्री दोनपर्यंत गाणी वाजतात. या सगळ्याला बापूंची हरकत नाही. पण जीपच्या चाकाला मेट्रिक नट लावला, तर मात्र ते मेस्त्रीचा हात धरतात. "किल्ल्यावर जा. तिथं चुन्याचा घाणा हाये. शिवाजी महाराजांनी शिमीट वापरलं का?" शिमीट तेव्हा निघालंच नव्हतं, हे मेस्त्री मनातल्या मनात म्हणतात.

मेस्त्री सत्तरीचे, खडकीच्या लष्करी वर्कशॉपात हात काळे केलेले. इंची पान्यांची त्यांची पेटी हीच त्यांची जहागीर. अर्धा, नऊ-सोळा, पाच-आठ असे आकडे ते अभंगासारखे म्हणतात. हरवलेला एक पाना भरून काढायला दोघे सात रविवार पुण्याच्या जुन्या बाजारात हिंडले. पाना मिळाला नाही, पण दोन कंदील, एक ग्रामोफोनचा कर्णा आणि कुणाच्या तरी पणजोबांचा फेट्यातला फोटो घरी आला. फोटोचं काय करायचं हे न कळून वहिनींनी तो शेडमध्ये टांगला. येणारे-जाणारे ते विलीजसाहेब समजतात.

खरा प्रश्न इंजिनाचा आणि त्याच्या पोटातल्या सामानाचा होता. ते मुंबईत कुर्ल्याच्या भंगार गल्ल्यांत शोधून झालं, दिल्लीला मायापुरीत शोधून झालं. शेवटी ब्लॉक हाताला लागला. राहिलेल्या वस्तूंसाठी बापूंनी साता समुद्रापार नजर टाकली. तिथे भाचा होता. तोही ओहायोत, आणि विलीजचा कारखाना ओहायोतच, टोलेडो शहरात होता. हा योग बापूंना दैवी वाटला. आठ दिवस ते उठताबसता टोलेडो, टोलेडो करत होते. वहिनी वैतागून म्हणाल्या, "टोल देऊ, टोल देऊ काय लावलंय? सोमाटण्याला देतोय तेवढा पुरे नाही का?"

भाच्याने आधी मामाला शहाणपण शिकवायचा प्रयत्न केला. "मामा, जीपचा नाद सोडा. इथल्या मसल कार बघा. १९६४ ची पाँटियाक जीटीओ. मध्यम अंगाच्या गाडीत आठ सिलेंडरचं दांडगं इंजिन. तीन-तीनशे घोडे!" फोन स्पीकरवर होता. बापूंच्या आई ओट्यावरून म्हणाल्या, "मिसळ खातोय व्हय तिकडं?" बापूंनी मात्र घाटात बैलगाडे पळताना पाहिलेले होते. ते म्हणाले, "आरं, ती शर्यतीची खोंडं. कासराभर पळायचं आन् गुलाल घ्यायचा. माझा शेतीचा बैल हाये. साठ घोडं, पण चिखलातनं तिफण ओढंल."

साठ हा आकडा मात्र खरा. २.२ लिटर, चार सिलेंडर, ६० घोड्यांची ताकद. १९४१ ते १९४५ या काळात विलीज आणि फोर्ड यांनी मिळून अशा सुमारे साडेसहा लाख जीपा बनवल्या. बापूंच्या तोंडून हे ऐकायचं तर एक तास काढून जावं लागतं, कारण आकड्यांनंतर प्रात्यक्षिक असतं. पहिलं, हेडलाइट बिजागरीवर उलटा फिरवून दाखवणं. उजेड इंजिनावर पडतो, रात्री रणांगणावर दुरुस्ती करता यावी म्हणून. दुसरं, हाताने फिरवायचा वायपर. तिसरं, ड्रायव्हरच्या सीटखालची पेट्रोलची टाकी. ही सीट उचलताना बापूंच्या चेहऱ्यावर गाभाऱ्याचं दार उघडणाऱ्या पुजाऱ्याचा भाव असतो. चहा तिसऱ्या प्रात्यक्षिकानंतर मिळतो, हे माहीत असल्यामुळे कुणी मध्ये उठत नाही.

तर, सामान आणायचं कसं? पार्सलने एकदा मागवलं, तेव्हा वस्तूपेक्षा जकात जड झाली आणि पार्सल महिनाभर कुठल्याशा गोदामात मुक्कामाला राहिलं. मग बापूंनी मराठी माणसाचा हुकमी मार्ग धरला: बाळंतपण. भाचेसुनेला दिवस गेले आणि बापूंच्या थोरल्या बहिणीचं, म्हणजे आक्कांचं, तिकीट निघालं. तेवीस-तेवीस किलोच्या दोन बॅगा. जाताना त्यांत डिंकाचे लाडू, मेतकूट, कुरडया आणि बाळाची दुपटी. येताना दुपट्यांच्या जागी ऑइल पंप, पॉइंटांचा संच, आणि आक्कांच्या नऊवारीत गुंडाळलेला, खोक्यातला कोरा कार्टर कार्बोरेटर. मुंबईच्या विमानतळावर साहेबाने विचारलं, "हे काय?" नाव काही केल्या आठवेना. आक्का घाईघाईने म्हणाल्या, "भावाच्या गाडीचं फुफ्फुस हो!" साहेबाला त्यातलं भाऊ आणि फुफ्फुस एवढंच ऐकू आलं असावं. त्याने हळहळून मान हलवली आणि बॅग बंद करून दिली.

नातू झाल्याचे पेढे आणि कार्बोरेटर एकाच दिवशी घरी आले. कुणाला आधी हातात घ्यायचं याबद्दल बापूंच्या मनात जराही गोंधळ नव्हता.

पुढच्या खेपेला ब्रेकचे व्हील सिलेंडर आले. खोकं अमेरिकन, पावती डॉलरमधली. बापूंनी अगरबत्ती लावून खोकं उघडलं. आत प्लास्टिकच्या पिशवीवर चिठ्ठी होती: मेड इन इंडिया. मला नवल वाटलं नाही. आपल्याकडे जीप स्वातंत्र्यानंतर लगेचच माझगावला जुळू लागली आणि पुढे अनेक वर्षं पूर्णपणे इथेच घडली. त्यामुळे तिचे सुटे भाग बनवणारे हात इथे आजही आहेत, आणि जगभरचे जीपवेडे त्यांचा माल विकत घेतात. म्हणजे इथला सिलेंडर बोटीने तिकडे गेला आणि आक्कांच्या बॅगेतून परत आला. मी हे बापूंना समजावून सांगितलं आणि मंडईच्या भावाने हिशेबही करून दिला. ते शांतपणे म्हणाले, "आपली पोरं तिकडं जाऊन आली की त्यांची किंमत वाढते का नाही? मग?"

यावर मला बोलता आलं नाही. भाचा फोनवर होता, तोही गप्प राहिला.

खरं संकट नवव्या वर्षी आलं. मेस्त्रींनी पुढच्या बाजूचा गंज खरवडला आणि एका बोल्टच्या डोक्यावर 'एफ' हे अक्षर उमटलं. फोर्डची ही खोड होती. आपल्या जीपच्या बोल्टांवरसुद्धा ते आपल्या नावाचं अक्षर उठवत. बापूंनी दुसरा बोल्ट पाहिला. एफ. तिसरा कोरा. चौथा पुन्हा एफ. मग त्यांनी रेडिएटरपुढच्या आडव्या दांडीवर हात फिरवला. विलीजची ही दांडी गोल नळीची असते, फोर्डची उलट्या पन्हळीसारखी. दांडी पन्हळीची निघाली. नऊ वर्षं ज्या कुळाचं देवक पुजलं ते कुळ आपलं नव्हेच, असं ऐन मांडवात कळावं तसे बापू मटकन खाली बसले. फोटोतल्या विलीजसाहेबांकडे त्यांनी ज्या नजरेने पाहिलं, ती मी विसरणार नाही.

चॅसिसची पाटी विलीजची, दांडी फोर्डची, ब्लॉक दिल्लीचा, ब्रेक आपलेच पण परदेशातून परतलेले. आता ओरिजिनल म्हणजे काय? मेस्त्रींनी बिडी विझवली आणि लष्करी निकाल दिला: "बापू, वर्कशॉपात दहा जीपा खोलायच्या आन् आठ जोडायच्या. ज्याला जो बसंल तो बोल्ट. बसला की ओरिजिनल."

बापूंना धीर यावा म्हणून मी एक चूक केली. त्यांना मनिलाची गोष्ट सांगितली. युद्धानंतर अमेरिकन लष्कराने फिलिपाइन्समध्ये मागे टाकलेल्या जीपा तिथल्या लोकांनी लांबवल्या, बाकडी ठोकली, रंगीबेरंगी सजवल्या आणि त्यांतून माणसं वाहायला लागले. जीपनी म्हणतात तिला, आणि तिचा त्या देशाला अभिमान आहे. "म्हणजे बापू, तुमच्या वडिलांनी केलं तेच." बापूंनी वर पाहिलं. "ते वडाप हाये," एवढंच म्हणाले, आणि पंधरा दिवस माझ्याशी बोलले नाहीत. वडिलांनी वाढवलेले दोन फूट त्यांनी पहिल्याच वर्षी गॅसने कापून टाकले होते ना.

तो तुकडा मात्र भंगारात गेला नाही. बापूंच्या आईंनी जाऊ दिला नाही. त्यातलं एक बाकडं पत्र्यासकट अंगणात कडुनिंबाखाली मांडलेलं आहे. आई सकाळपासून तिथे बसतात. गडावरून उतरणारी पोरं दम खायला त्यांच्याशेजारी टेकतात. सवय अशी की कुणी आलं की आई आपोआप सरकून जागा करतात, आणि पाचव्या माणसालाही "बस रं, होतंय" म्हणतात.

सरकारदरबारी प्रश्न वेगळाच. आरसी बुक आजोबांच्या नावावर, म्हणजे आधी वारसनोंद. गाडीचा सातबाराच तो. २०२१ च्या नियमांप्रमाणे पन्नास वर्षांवरच्या गाडीला 'व्हीए' अक्षरांचा खास नंबर मिळतो, वीस हजार फी भरून. पण मग ती रोजच्या वापराला काढायची नाही. प्रदर्शन, रॅली, तांत्रिक संशोधन, दुरुस्ती किंवा पेट्रोल भरण्यापुरतीच रस्त्यावर आणायची. बापूंनी नियम तीनदा वाचला आणि त्यांचा चेहरा उजळला. पेट्रोल भरायला कामशेत, आणि कामशेतला भाजी स्वस्त. चढ कसा चढते हे बघणं म्हणजे तांत्रिक संशोधन.

गेल्या दसऱ्याला जीप सुरू झाली. खंडेनवमीला इंची पाने पाटावर मांडून पुजले होते, मेट्रिक पाने खाली जमिनीवर. सकाळी मेस्त्रींनी पुढून हँडल मारलं. एकदा, दोनदा, सातव्यांदा इंजिनाने खोकला काढला आणि मग असा काही आवाज धरला की तंबूतली पोरं गाणं बंद करून धावत आली. झेंडूची माळ थरथरत होती. बापूंच्या डोळ्यांत पाणी आलं. धूर फार होता, असं ते सांगतात.

स्टिअरिंग डाव्या बाजूला, कारण गाडी तिकडच्या रस्त्यांसाठी बनलेली. त्यामुळे वहिनी उजव्या हाताला बसल्या, जिथे आपल्याकडे ड्रायव्हर असतो. पाहणाऱ्यांना वाटावं की वहिनीच गाडी चालवताहेत आणि बापूंना फिरवून आणताहेत. एका पोराने त्यांनाच विचारलं, "काकू, लायसन्स आहे ना?" वहिनींनी हातातला वायपर फिरवून दाखवला.

मागच्या बाकावर नातवंडं दोन, भाऊबंदांची तीन, शिवाय एक कुणाचंच माहीत नसलेलं. बापूंनी मागे वळून पाहिलं आणि अंगणाकडे हाक मारली, "आये, तू बी ये."

आई बाकड्यावरून उठल्या, काठी टेकत आल्या, आत डोकावल्या. इकडून पाहिलं, तिकडून पाहिलं. म्हणाल्या, "बाकीच्यांनी कुठं बसायचं?"

बापूंना उत्तर सुचेना. आईंनी थोडा वेळ वाट पाहिली. मग मागे सरकल्या, हिरव्या, कोऱ्या, अकरा वर्षं घासून काढलेल्या पत्र्यावर तळहाताने दोनदा थाप मारली आणि ओरडल्या, "चला डबल!"

आणि बापूंचा पाय, वडापच्या सवयीने, क्लचवरून सुटला.